शनिवारचा शेवटचा तास : नागपूरच्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना खुले पत्र

नागपुरातील सर्व शाळांचे मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यांना,

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडच्या उन्हामुळे विदर्भात शाळेची पहिली घंटा जूनच्या शेवटी वाजते. ती वाजायला आता थोडेच दिवस राहिलेत. या दिवसांत तुमच्या टेबलावर एक मोठा कागद पसरलेला असतो, शेजारी शिसपेन्सिल आणि खोडरबर. वेळापत्रकाचा कागद. मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि त्यातली काही वर्षं वेळापत्रक बसवायलाही मदत केली, त्यामुळे तो कागद कसा भरत जातो हे मी जवळून पाहिलं आहे. आधी गणित, विज्ञान आणि इंग्रजीला सकाळचे ताजे तास मिळतात. मग भाषा, मग इतिहास-भूगोल. सगळे बसले की जे रिकामे चौकोन उरतात त्यांत चित्रकला, संगीत आणि कार्यानुभव जातात. शनिवारचा शेवटचा तास बहुतेक वेळा चित्रकलेचा असतो. शनिवारी सकाळची शाळा, तासही आखूड, आणि मुलांचं अर्धं लक्ष सायकल स्टँडकडे.

तो कागद पक्का होण्याआधी हे पत्र वाचावं म्हणून घाईने लिहिते आहे. माझी मागणी एकच आहे. पाचवी ते नववीच्या प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एकदा चित्रकलेचा जोडतास द्या, सलग दोन तास. आणि तो एकदा दिला की वर्षभर दुसऱ्या कोणत्याही विषयाला देऊ नका.

जोडतासच का, हे सांगते. पस्तीस मिनिटांच्या तासात मुलं आधीच्या वर्गातून येऊन बसेपर्यंत पाच मिनिटं जातात. कागद वाटणं, रंगपेट्या काढणं, नळावरून पाणी आणणं यात आणखी सात-आठ. शेवटची पाच मिनिटं ब्रश धुण्याची आणि बाक पुसण्याची. उरली सतरा-अठरा मिनिटं. जलरंगाचा पहिला हात दिला की तो वाळायची वाट पाहावी लागते. आपल्या नागपुरात एप्रिलमध्ये रंग कागदावर पसरता पसरता वाळतो, पण ऑगस्टच्या दमट हवेत पंधरा मिनिटं थांबलं तरी बोटाला ओल लागते. दुसरा हात देण्याच्या आधीच घंटा होते. ओला कागद वहीत घालून मूल पुढच्या वर्गात पळतं आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत ते चित्र शेजारच्या पानाला चिकटलेलं असतं. अशी चिकटलेली पानं मी शेकड्याने पाहिली आहेत. त्या मुलाला आम्ही वर्षभर सुरुवातीच शिकवतो, शेवटाला त्याला कधी पोचू देत नाही.

एका जोडतासाबद्दल सविस्तर लिहिते, कारण या विषयात नेमकं काय घडतं हे वर्गाबाहेरून दिसत नाही.

सातवीचा वर्ग. टेबलावर एक लोखंडी बादली, तिच्याशेजारी दोन वांगी आणि मागे चुण्या पाडून टाकलेलं निळं कापड. पुढच्या बाकावरच्या एका मुलाने बादलीचं तोंड कंपासने काढलं होतं, वरून पाहिल्यासारखं पूर्ण गोल. बूड पट्टी लावून सरळ. मी विचारलं, "तुला असं दिसतंय?" तो म्हणाला, "मॅडम, बादलीचं तोंड त गोलच असते न. अन् ते टेबलावर ठेवून आहे, मंग बूड सरळच येईन."

त्याचं चुकीचं नव्हतं. त्याला बादलीविषयी जे माहीत होतं ते त्याने प्रामाणिकपणे काढलं होतं. मी त्याला टेबलाजवळ बोलावलं आणि म्हटलं, वाक, डोळे बादलीच्या काठाच्या पातळीत आण. काठाची नुसती एक आडवी रेघ झाली. आता हळूहळू सरळ हो. ती रेघ मधून फाकत गेली, आधी बारीक, मग लंबगोल. मग त्याला बाकावर उभं केलं, तेव्हा ते तोंड जवळजवळ गोल दिसायला लागलं. तो पुन्हा वाकला, पुन्हा उभा राहिला. तिसऱ्यांदा तर त्याने एक डोळा मिटून पाहिलं. मग जागेवर गेला, कंपास दप्तरात टाकला आणि हाताने लंबगोल काढू लागला. पहिला फारच फुगला. त्याने बादलीकडे पाहिलं आणि खोडला. दुसरा एका बाजूला कलला. पुन्हा पाहिलं, पुन्हा खोडला. चौथ्या वेळी काठ बसला. मग तो स्वतःहून बुडाकडे वळला आणि थोड्या वेळाने मला बोलावून म्हणाला, "मॅडम, खालची कमान वरच्यापेक्षा जास्त वाकून आहे." तोपर्यंत मी एकदाही चूक काढली नव्हती.

मला तुम्हाला हे दाखवायचं आहे. गणिताच्या वहीत चूक शिक्षक दाखवतात, लाल शाईने. शुद्धलेखनातही तसंच. इथे बादली समोर होती, चित्र हाताखाली होतं आणि दोन्हींतला फरक त्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होता. तो चार वेळा खोडत होता तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आपल्याला जे ठाऊक आहे त्यापेक्षा समोर जे आहे ते वेगळं असू शकतं, आणि ते नीट पाहिलं तर कळतं, हा अनुभव त्याने त्या सत्तर मिनिटांत घेतला. सतरा मिनिटांत तो कंपासच्या गोलापाशीच थांबला असता.

चित्रकलेमुळे गणिताचे गुण वाढतात, हा युक्तिवाद मी करणार नाही. खूप जण करतात, आमचे कलाशिक्षकही करतात, कारण गणिताच्या आधाराशिवाय आपलं कोणी ऐकणार नाही असं त्यांना वाटतं. मला तो मार्ग नको आहे. पाहायला शिकणं ही शाळेत शिकवण्याची गोष्ट आहे, आणि ती स्वतःच्या बळावर वेळापत्रकात बसावी.

आता आमच्या बाजूचं जे चुकलं आहे तेही मोकळेपणाने सांगते. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, या महाराष्ट्राच्या फार जुन्या आणि चांगल्या परीक्षा आहेत. दोन दिवसांत चार पेपर : वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. खेड्यातल्या मुलालाही त्यांनी कधीकाळी ब्रश हातात घ्यायला लावला. पण दहावीच्या निकालात त्यांचे वाढीव गुण मिळू लागले आणि या परीक्षांकडे पाहण्याची नजर बदलली. अनेक शाळांमध्ये चित्रकला आता जुलै ते सप्टेंबर एवढीच उरली आहे. स्मरणचित्रासाठी मुलं चार मानवाकृती पाठ करतात : डोक्यावर टोपली घेतलेली बाई, फुगेवाला, पाठमोरा माणूस आणि पळणारा मुलगा. विषय बाजाराचा असो, बसस्टँडचा असो की पावसाचा, तीच चार माणसं हजर. पावसाच्या विषयात त्यांच्या हातात छत्री येते. बुधवार बाजारात रोज आईबरोबर जाणाऱ्या मुलीने त्या बाजाराचं चित्र पाठांतरातून काढावं, याचं मला फार वाईट वाटतं. तिच्या स्मरणात काय काय असेल! ते विचारायला आमच्याकडे वेळ नसतो. इंटरमिजिएट झाली की रंगपेटी माळ्यावर जाते.

त्यानंतर प्रश्न येतो शिकवणार कोण. मी निवृत्त झाले तेव्हा माझी जागा भरली गेली नाही. पहिल्या वर्षी वाटलं, कागदपत्रांना वेळ लागतो. आता वर्षं झाली. माझे तास ज्या शिक्षकांचा कार्यभार कमी पडत होता त्यांना वाटून दिले गेले. त्या शिक्षकांचा यात दोष नाही, त्यांनी आर्ट टीचर डिप्लोमा केलेला नाही आणि त्यांच्यावर स्वतःच्या विषयाचा अभ्यासक्रम संपवण्याचा ताण आहे. साहजिकच डिसेंबरनंतर त्या तासांना गणिताची उजळणी होते. फळ्यावर 'चित्रकला' लिहिलेलं असतं आणि खाली वर्गसमीकरण. आजही रस्त्यात भेटणारी मुलं मला हे सांगतात, आणि मला उत्तर सुचत नाही.

ही केवळ तुमच्या इच्छेची बाब नाही, हेही नम्रपणे लक्षात आणून देते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, शंभराहून अधिक विद्यार्थी असतील तिथे, कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत असं स्पष्ट लिहिलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय अशी भिंतच नको म्हटलं आहे, कला आणि विज्ञान यांच्यातही नको. संस्थांच्या माहितीपत्रकात या धोरणाचं नाव ठळक अक्षरांत छापलेलं मी पाहते. त्याच माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर वेळापत्रकही छापा, म्हणजे पालकांना चित्रकलेचे तास मोजता येतील. राज्यात सरकारी कला महाविद्यालयं मोजकी आहेत आणि त्यांतलं एक, शासकीय चित्रकला महाविद्यालय, आपल्याच शहरात आहे. तिथून शिकून बाहेर पडलेली तरुण मुलं-मुली कामाच्या शोधात असतात. निदेशक मिळत नाहीत, हे कारण निदान नागपुरात तरी चालू नये.

'प्रोजेक्ट'बद्दल थोडक्यात. रात्री नऊ वाजता पालकांच्या ग्रुपवर निरोप येतो की उद्या पवनचक्कीची प्रतिकृती आणायची आहे. मग वडील सीताबर्डीला स्टेशनरीचं दुकान उघडं आहे का पाहायला निघतात आणि आई रात्री बारापर्यंत पुठ्ठा कापत बसते. सकाळी मुलाच्या हातात जे असतं त्यात त्याचं काहीही नसतं. हे बंद करा. कला शाळेतच घडू द्या, मुलाच्या हातून, ओबडधोबड झाली तरी.

संगीताचंही दुखणं असंच आहे. कित्येक शाळांत पेटी आणि तबला कपाटात कुलूपबंद आहेत आणि प्रार्थना स्पीकरवर वाजते. स्नेहसंमेलनासाठी बाहेरून नृत्य बसवणारे येतात, प्रत्येक वर्गातली दहा-बारा मुलं निवडतात आणि बाकीची चाळीस महिनाभर नुसती बघत बसतात. ज्या नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींनी लहानग्या वसंतराव देशपांड्यांना गाणं शिकवलं, त्या नागपुरातल्या मुलांनी निदान सूर लावून एकत्र प्रार्थना म्हणावी, एवढी अपेक्षा जास्त नाही. संगीतावर खरं तर कोणी जाणकाराने वेगळं पत्र लिहायला हवं. मी माझ्या विषयापुरतं बोलते.

आणि आपलं शहर या कामात किती मदत करायला तयार आहे! महालातल्या चितारओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, जुलै-ऑगस्टमध्ये कधी वर्ग घेऊन गेलात का? लाकडाच्या सांगाड्यावर तणस बांधलेलं असतं, सुतळीने आवळलेलं. त्यावर मातीचा जाड हात, तो वाळून तडकला की त्यावर बारीक मळलेल्या मातीचा दुसरा हात, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी डोळे. डोळे काढताना कारागीर शेजारच्याशी बोलायचं थांबतो. मी एकदा तीस मुलांना तिथे नेलं होतं. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती, पण एका वयस्कर मूर्तिकाराने मातीचे गोळे मुलांच्या हातावर ठेवले आणि अंगठ्याने सोंडेचा वळसा कसा द्यायचा ते दाखवलं. परतताना बसमध्ये कोणाला हात धुवायची घाई नव्हती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे जाऊन शिकण्यासाठी. आपल्याकडे ते दहा दिवस कुठे घालवायचे हा प्रश्नच पडू नये.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबत घ्या, इडा पीडा घेऊन जाणारा तो मोठा पुतळा. १८८० च्या दशकापासून काळी आणि पिवळी मारबत या शहराच्या रस्त्यांवरून निघते आहे, बरोबर बडगे नावाचे पुतळे असतात, त्या त्या वर्षीच्या महागाईवर, भ्रष्टाचारावर, रोगराईवर बोट ठेवणारे. बांबूच्या कमच्या, कागद, कापड आणि रंग यांतून एवढा मोठा आकार उभा करणं हे शिल्पकलेचं काम आहे, आणि ते कोणत्याही महाविद्यालयात न गेलेली माणसं करतात. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी आपल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. मग वर्गात एखादा छोटा बडगा का बनू नये? आपल्या शाळेतली कोणती पीडा जावी हे मुलांना विचारा, त्यांना कमच्या बांधू द्या. त्याच दिवशी तान्ह्या पोळ्यात लाकडी नंदी सजवणाऱ्या पोरांकडे पाहा. रंगसंगती त्यांना कोणी शिकवलेली नसते, तरी शिंगांना कोणता कागद लावायचा यावर त्यांची खरी चर्चा चालते.

सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ पासून उभा आहे. शाळांच्या सहली तिथे जातात, रांगेने आत शिरतात आणि पाऊण तासात रांगेने बाहेर येतात. पुढच्या वेळी एवढंच करून पाहा : प्रत्येक मुलाने एकच वस्तू निवडायची, एक मूर्ती, एक ढाल, एक पेंढा भरलेला पक्षी, आणि तिच्यासमोर तासभर बसून ती काढायची. बाकीचं संग्रहालय पुढच्या वर्षी पाहता येईल.

हे विचार बाहेरून आयात केलेले नाहीत. १९३७ च्या ऑक्टोबरात आपल्या शेजारी वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि हाताच्या कामाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवणारी नई तालीम तिथून पुढे आली. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत तिथे राहिले. सूतकताई करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या मुलांना ते चित्रकला आणि मातीकाम शिकवत. त्या काळात सेवाग्राममध्ये पैशांची आणि सोयींची किती टंचाई असेल याचा विचार करा. नागपूरहून दीड-दोन तासांच्या अंतरावर हे घडलं, आणि आपल्या शाळांत आज चित्रकलेला जागा नाही म्हणून आपण हात वर करतो.

खर्चाचं म्हणाल तर फारच थोडा लागतो. कोळसा, गेरू, खडू, जुनी वर्तमानपत्रं आणि शाडूची माती यांवर मी कित्येक वर्षं काढली. महागड्या रंगपेट्यांची सक्ती मुळीच करू नका, त्यामुळे गरीब घरातलं मूल पहिल्याच दिवशी मागे बसतं. ज्यांना परवडतं त्यांची मुलं खासगी क्लासला जातील आणि शिकतील. ज्या घरातून महिन्याची फी निघत नाही, त्या घरातल्या मुलासाठी शाळेतला तास हा एकच आहे. तो कापताना आपण कोणाचा तास कापतो आहोत, हे पाहावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पालक तक्रार करतील ही भीती मला माहीत आहे. दहावीच्या तुकड्यांसाठी मी आज काही मागत नाही. पण सहावीच्या मुलाच्या आईला जानेवारीत शाळेत बोलवा आणि तिच्या मुलाचं जूनमधलं आणि जानेवारीतलं चित्र शेजारी शेजारी ठेवा. ती किती वेळ त्या दोन कागदांकडे पाहत राहते ते पाहा. मी हे दर वर्षी करत असे. त्यानंतर तक्रार घेऊन आलेलं कोणी मला आठवत नाही.

ज्या शाळेत सध्या कलाशिक्षक नाही त्या शाळेसाठी, जागा भरेपर्यंत, आठवड्यातला एक जोडतास घ्यायला मी तयार आहे. मानधन नको. माझ्या ओळखीतल्या आणखी काही निवृत्त कलाशिक्षकांनीही होकार दिला आहे. शाळेने खिडकीजवळचा वर्ग द्यावा, जिथे एका बाजूने उजेड येतो, आणि टेकवायला एक टेबल. तास शक्यतो सकाळचा असावा, शनिवारचा शेवटचा नको. बादली, वांगी आणि निळं कापड मी घरून घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका
नागपूर